डेमो पीस

वजिराबादेत आमचं दुकान.
फ्रीज, कूलर, गिझर, आणि दाराजवळ
एक गेमचा डबा, दिवसभर चालू.
कंपनीचा माणूस म्हणला होता, ठेवा. खपतो.

मुजाहेद चारला यायचा, टायरच्या दुकानातून.
आधी जारखाली काळी बोटं धुवायचा,
मग रिमोट उचलायचा.
रिमोट म्हणलं की चिडायचा,
"काका, एसी लावायलाव का?"
खेळायचा उभ्यानंच.
बसलं की हात ढिला पडतो म्हणे.

एकाच राक्षसाच्या हातून सतरा दिवस मेला.
अठराव्या दिवशी त्याला पाडलं
अन् कुणाला बोलला नाही.
कान तेवढे लाल झालेले,
ते मी काउंटरवरून पाहिले.

त्याच्या पाठीमागं मात्र गर्दी साचायची.
मिक्सर घ्यायला आलेले, पिशवी खाली ठेवून.

घेतला कुणी?
देगलूरच्या सोनारानं,
धोंड्याच्या महिन्यात, जावयासाठी.
कंधारच्या हेडमास्तरीणबाईंनी,
नातू पुण्याहून चार दिवस येणार म्हणून.
एका दातांच्या डॉक्टरनं विचारलं,
यात लुडो आहे का?
आहे म्हणलो. नव्हता.
त्या दिवाळीत एकवीस डबे गेले.
कंपनीनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं.

पुढच्या दिवाळीला दोन.
लुडो फोनमधीच यायला लागला होता.
सहज आलेली माणसं सहज गेली,
भांडण नाही, तक्रार नाही.
कंपनीचा माणूस वही काढून बसला,
खप का पडला सांगा.
काय सांगू? ह्याच्या नावावर
माझ्याकडं एक रुपयाची विक्री नाही,
अन् त्या एकवीस डब्यांतला
ह्याच्या पाठीशिवाय किती गेला असता,
ते मला मोजता येत नाही.

माघात मुजाहेद आला, हात धुतले,
डब्याकडं गेलाच नाही.
कंधारच्या बाईंचा जुना घेतलाय म्हणला,
चार हजारात, मोटारसायकलवर मांडीत धरून आणला.
क्रोशाच्या झाकणासकट दिला बाईंनी.
वायर तेवढी उंदरानं खाल्लीय.

एकशेऐंशीची केबल.
पावती नको म्हणत होता.
मी बळंच फाडली, पूर्ण नाव विचारून:
शेख मुजाहेद शेख चांद.
सात वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"घरी बसून खेळणार मग आता?"
"बसून कसं, काका."