पहिलं पान

तळाशीलच्या वाळूत, उजाडायच्या आत,
रापण ओढून झाली की लिलाव.
आई बोट वर करायची, मी तिच्या कानात:
सात टोपल्या, तीनशे चाळीसने,
बर्फाचे वजा, टेम्पोचे वजा.
तांडेल हसायचा, "चेडवाच्या डोक्यात काटो आसा!"

मालवणच्या शाळेत स्कॉलरशिपचं केंद्र.
पहिल्या पानावर नाव, जात, वडिलांचा धंदा.
बाई वाकल्या, वाचलं,
मायेनंच म्हणाल्या,
"गाबितांची ना गं तू? जमेल तेवढं सोडव हं."

प्रश्न चौदावा: सात पेट्या, तीनशे चाळीस रुपये.
सात लिहिले. खोडले.
आत दुसरंच गणित सुरू झालेलं:
चुकले तर मी एकटी चुकेन
की अख्खी वाडी?
बोटांचा वास बाकाला लागला असेल का?
तळवा फ्रॉकला पुसला, परत पुसला.
काटा आता घशात होता.
आईला सांगितलं, पेपर कठीण होता.

आता वेंगुर्ल्याला मीच पर्यवेक्षक.
"पोरांनो, आधी गणितं. पहिलं पान शेवटी भरा."
केंद्रप्रमुख म्हणतात, नियमात बसत नाही.
नसेल.

तरी तिसऱ्या बाकावरच्या जुग्यांच्या हेरंबनं
ते भरूनच टाकलंय आधी,
आणि वर डावा हात, पालथा.
मी खिडकीशी जाते, पाठ करून उभी राहते,
मागे पेन्सिल चालते का
ऐकत.