दोनशे सत्त्याऐंशी पावलं

फोन बहुधा रात्री येतो, जेवणं उरकल्यावर.
आवाज पुरुषाचा, मुद्दाम घसा साफ केलेला.
"बोर्गिल, तुझी कुत्री मोकळी आहे का?"
एका हातानं बूट शोधत मी विचारते: किती लांबून?
पलीकडे थोडी शांतता.
मग एक आकडा,
नेहमी खऱ्यापेक्षा लहान.

सिन्द्रे म्हणाला, दीडशे मीटर. फार तर एकशे साठ.
एकवीस वर्षांचा. दुर्बीण नवी, रायफल आजोबांची.
जूनमधल्या चाचणीत पाचही गोळ्या वर्तुळात:
शंभर मीटर, पोटाखाली चटई,
मागे कुणीतरी वाफल भाजत होतं.
हरणीनं मात्र कसलीच चाचणी दिलेली नसते.
ती खाते, मान वर करते, एक पाऊल टाकते,
आणि ते नेमकं गोळी वाटेत असताना टाकते.

कापलेल्या कुरणाच्या कडेला, बर्चखाली,
विजेरीच्या उजेडात मी गुडघे टेकले.
केस पांढुरके. रक्त थोडं, काळपट,
त्यात चावलेलं हिरवं गवत.
फुफ्फुसाचं रक्त फेसाळ असतं, गुलाबी.
ते दिसलं की मी आधी थर्मासमधली कॉफी ओतते,
साठेक पावलांत सगळं संपलेलं असतं.
हे ते नव्हतं.

म्हटलं, घरी जा. पहाटे ये.
"आणि ती तोवर...?"
हो. तोवर.
आत्ता मागे लागलो तर उठेल, पार फियोर्डपर्यंत जाईल.
रात्रभर ती नेच्यांत पडून राहील
आणि तू तुझ्या गादीवर.
झोप दोघांनाही नाही, एवढीच बरोबरी.

पहाटे पाऊस. टुवानं दोर ताणला तो सैल सोडलाच नाही.
दोन ओढे, एक तुटकं कुंपण,
मेंढ्यांचं ओस छप्पर, पुन्हा ओढा.
पोटात लागलेल्याला पाणी हवं असतं.
काठावर बसली होती, मान ताठ,
आम्ही येणार हे ठाऊक असल्यासारखी.
माझी गोळी आठ मीटरवरून.
सिन्द्रेला मी तोंड फिरवू दिलं नाही.

परतल्यावर कुत्रीचा दोर त्याच्या हाती दिला
आणि तो टेकला होता त्या दगडापासून
बर्चपर्यंत मोठ्यानं मोजत चालले.
दोनशे सत्त्याऐंशी.
माझी पावलं लहान आहेत, म्हटलं, सव्वादोनशे मीटर धर.
तो काहीच बोलला नाही. कानांच्या पाळ्या लाल.

रागवायला हवं होतं.
पण एकोणतिसाव्या वर्षी, खिंडीत, वारा आडवा,
अर्नफिन कानाशी पुटपुटला, लागेल.
लागली. जबड्याला.
तो नर आम्हाला तीन आठवड्यांनी सापडला,
नुसता बरगड्यांचा, ब्लूबेरीच्या झुडपांत.
उपाशी मेला होता, भोवती एवढं खायला असून.
दोनशे दहा मीटर.
हा आकडा मी कुणाला सांगितला नव्हता.
सिन्द्रेला सांगितला, काही न घटवता.

रायफल चारशेपर्यंत जाते,
तसं काडतुसांच्या डब्यावर छापलेलंच असतं.
चढ चढून आल्यावर छाती किती धडधडते,
बोट किती गारठलंय,
यंदा फ्रीजर रिकामा आहे का,
शेजाऱ्याला काय मिळालं,
हे डब्यावर नसतं.
माझं अंतर गेल्या वर्षी एकशे दहा होतं.
यंदा नव्वद.
डोळ्यांचा आता नेम नाही,
म्हणून नेमाचं अंतर डोळ्यांना विचारून ठरवते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नर आला.
बारा फाट्यांची शिंगं, मानेवर चिखल,
पूर्ण आडवा उभा, जणू फोटोसाठी.
एकशे वीस. कदाचित एकशे पंधरा.
बघा, लगेच आकडा लहान करायला लागले.

बोल्ट मागे ओढला. काडतूस तळहातावर पडलं, थंडगार.
तो आवाज त्यानं ऐकला, आणि सावकाश,
अगदी सावकाश, अल्डरांत शिरला.
टुवा माझ्याकडे बघत बसली.
तिचं काम धमाक्यानंतर सुरू होतं.
तिला वाटलं असेल, म्हातारी काहीतरी विसरली.