लीक

पाकिटावर मनगटाएवढा पांढरा दांडा होता,
वर निळसर पाती, पंख्यासारखी.
नणंदेचा विनायक बोटीवर स्वयंपाकी आहे,
त्यानं दिलं. म्हणाला, मामी, हे लीक.
मी आधी टाकीकडे बघितलं.
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो,
तो शब्द कानावर आला की
हात आपोआप पान्याकडे जातो.

पहिल्या वर्षी चुकलेच.
संक्रांतीचं वाण वाटून झालं, मग पेरलं.
रोपं सुईसारखी आली, होळीपर्यंत उभी राहिली,
आणि एका दुपारी पारा बेचाळीसला टेकला.
संध्याकाळी डब्यात नुसते दोरे.

शेजारच्या कल्लव्वाचं माहेर कांद्याचं.
ती कठड्यावरून म्हणाली,
"थंडीचं पोर हाय ते. उन्हाच्या आत घर गाठू दे त्याला.
घट बसत्यात की नाही, त्या दिवशी टाक."

घट बसले. देवापुढं गहू,
गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यात हे.
गहू नवव्या दिवशी कानावर खोवून झाला.
ह्यांचा अजून वाकलेला मानेचा आकडाच.

दिवाळी झाली तशी मोठ्या टबात लावले.
सळईनं वीतभर भोक पाडायचं, रोप आत सोडायचं,
वरून माती लोटायची नाही,
तांदळाचं धुवण ओतायचं.
पाणीच माती घेऊन येतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विनायकनंही नाही.

मग ह्यांनी कारखान्यातून पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या,
सूत संपलेल्या. एकेक उलटीसुलटी करून
ही विसाची, ही दहाची, असं सांगत बसले,
जशी काही रोपं नंबर विचारणार होती.
एकीला लाल धागा चिकटलेला. तो राहू दिला.
उजेड लागला की दांडा हिरवा, झाकला की पांढरा,
म्हणून प्रत्येकाला एक नळी,
नळ्या संपल्यावर कागदाची गुंडाळी, वर दोऱ्याचा फास.
बोटांना शिकवावं लागलं नाही.
एकतीस वर्षं दिवसाला हजार विड्या वळल्या मी.
जाळण्यासाठी नाही असं काही
पहिल्यांदा गुंडाळत होते.

फुलकिडे आले तेव्हा सुपातला तंबाखूचा चुरा
रात्रभर भिजवून शिंपडला.
सकाळी किडे नव्हते. मला मात्र सवयीनं खोकला आला.

गड्ड्याच्या दिवसांत पेन्सिलीएवढे.
शिवरात्रीला करंगळीएवढे.
फाल्गुन सरताना कल्लव्वा म्हणाली, "आता काढ, वाट बघू नको,"
तर अंगठ्याएवढे, अकरा.
चित्रातलं मनगट चित्रातच राहिलं.

चिरल्यावर पापुद्र्यापापुद्र्यात माती.
तीनदा धुतले, ते पाणी कढीपत्त्याला.
मंद आचेवर परतले, शेंगदाण्याचं कूट घातलं,
कडक भाकरी मोडून ह्यांनी घास घेतला, थांबले,
म्हणाले, "कांदाच की. पण भांडत नाही."

फोनवर विनायकला अंगठा दाखवला.
त्याला वाटलं, सगळं छान आहे असं म्हणतेय.
मी तसंच वाटू दिलं.

बारावा मी काढला नव्हता.
बियाणं धरावं म्हणून ठेवलेला,
पण त्याला फूल येण्यासाठी हाडं गोठणारा हिवाळा लागतो.
आमच्याकडे थंडी पाहुणी येते,
चहा घेते आणि जाते.
चैत्रात तो पिवळा पडला, कलला.
उपटायला वाकले तर बुडाशी तीन पिल्लं,
गवताच्या काडीएवढी, आपल्या आपण आलेली.

आता त्यांच्यावर मोराच्या चादरीचा अर्धा तुकडा ताणलाय,
मोर विटलाय, सावली नाही.

काल रात्री दोनला नळ आला.
टाकी भरून वाहायला लागली,
खालून कुणीतरी ओरडलं, "ओ, तुमची टाकी लीक व्हायलीय की!"
हे पाना शोधायला उठले.
मी म्हटलं, थांबा.
धार टबापर्यंत पोचू द्या.