उचलीचा रकाना

सांवेर रोडवरच्या शेवेच्या कारखान्यात
अकरा वर्षं मी हिशेब लिहिते.
बेसन, तेल, लवंग, डबे, ट्रकभाडं,
आणि पान संपता संपता
माणसं.

उजव्या कडेला एक अरुंद रकाना आहे: उचल.
तो छापील नाही, मीच पट्टीने आखला
पहिल्या वर्षी, दोनच नावं होती तेव्हा.
आता पान त्याच बाजूला कलतं.

रामकन्या चौहान, सतरा तारीख, तीन हजार.
इकरार भट्टीवाला, सतरा तारीख, तीन हजार.
सुमेर अठराला आला, सतराला रविवार होता म्हणून,
आणि उशीर झाला याबद्दल
त्यानेच माझी माफी मागितली.

कुणी सरळ मागत नाही.
ताकाला येऊन भांडं लपवतात.
"ताई, पंखा दुरुस्त झाला का तुमचा?"
मी पंख्याबद्दल बोलत बोलत ड्रॉवर उघडते.

एका दुपारी वीज गेली, म्हणून मागची पानं उलटली.
लग्नाचे महिने सोडले, दवाखान्याचे सोडले,
राखी सोडली, दिवाळी सोडली.
तरी सतरा.
आपल्या कारखान्यात पगार तीस दिवसांचा लिहितात
आणि तो सतरा दिवस पुरतो.
पुढचे तेरा दिवस
बाणगंगेच्या त्या एका खोलीत कशावर निघतात
ते माझ्या कुठल्याच वहीत नाही.

रामकन्येला विचारलं, डाळ?
ती हसली. "डाळ पहिल्या पंधरवड्याची असते ताई."

मग लक्षात आलं, हे तेच तीन हजार आहेत.
एक तारखेला कापून घेतलेले,
सतराला परत दिलेले,
अकरा वर्षं गल्ल्यातून पदरात, पदरातून गल्ल्यात.
जे पगारात द्यायला हवे होते
ते आपण उसने देतो आहोत,
आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा.
माझाही.

बाहेती शेठांसमोर मी कागद ठेवला.
ते म्हणाले, "बाजार मंदा है,
शेजारचा तर नऊच देतो."
मी म्हटलं, बेचाळीस माणसं, तीन-तीन हजार,
महिन्याची अठरा टन शेव.
किलोमागे सात रुपये येतात.
दिवाळीच्या डब्यावर जी सोनेरी पट्टी लावतो,
जी गिऱ्हाईक घरी जाऊन फाडून टाकतं,
तिला आपण आठ देतो.

शेठांनी बराच वेळ पट्टीचा डबा हातात फिरवला.
वाईट माणूस नाही. घाण्याला चिमूटभर मीठ जास्त झालं
तरी सगळा घाणा बाजूला काढायला लावणारा माणूस.
"सात?" म्हणाले. परत म्हणाले, "सातच?"
आणि कॅल्क्युलेटर स्वतः दाबून पाहिला.

आश्विनपासून भट्टीवरच्या अकरा जणांचा पगार वाढला.
पॅकिंगच्या बायकांचं "पाहू, उन्हाळ्यात."

सियागंजच्या, पालद्याच्या शेठ लोकांनो,
तुमच्याकडेही असेल कुणी वही लिहिणारं.
एकदा त्याला विचारा, तुमची सतरा तारीख कोणती.
दानधर्माचं राहू द्या,
पाणपोई बांधा, नाही तर बांधू नका,
आधी तेवढी तारीख विचारा.

परवा सतराला इकरार खिडकीशी आला.
सवयीने आला होता.
हात खिशातून काढला, पुन्हा घातला,
"पंखा बरा चालतोय ना," म्हणाला,
आणि या वेळी खरंच पंख्याकडे बघून
शीळ घालत भट्टीकडे गेला.
त्याच्या नावासमोरचा चौकोन
मी कोराच ठेवला. सुंदर दिसत होता.

त्याच्या मागे रामकन्या उभी होती.
मी पेनचं टोपण काढलं.
तिने विचारलं,
"ताई, उन्हाळा कधी लागतो हो तुमच्याकडे?"