थँक्स टू

खानापुरात, सिमेंटच्या वखारीवर, माडीत,
सात ते आठ दोडमनी सरांचा क्लास.
फळ्यावर तीन रकाने:
बिकॉज ऑफ. सो दॅट. थँक्स टू.
पहिल्यात कारण, सर सांगतात, दुसऱ्यात हेतू,
तिसरं जपून वापरा,
आभारही त्यातच, टोमणाही त्यातच,
तोंड बघून ओळखायचं.

शेजारचा बसलिंग कन्नडात पुटपुटतो, मी मराठीत.
दोघांचं अडतं एकाच ठिकाणी: ऑफ.

आमच्या घरी एवढे रकाने नव्हते.
कौलाच्या भट्टीवरून आई यायची,
कोपरापर्यंत लाल,
चुलीपुढं बसून म्हणायची,
तुझ्यापायी राबतोय.
दुसऱ्या दिवशी, त्याच आवाजात,
तुझ्यापायीच झालं हे सगळं.
पायी.
माया कुठं सरते, बोल कुठून लागतो,
मला अजून ऐकून कळत नाही.

वाक्य करा, शेवंता पाखरे.
उभी राहिले. ‘थँक्स टू माय मदर, आय ॲम हिअर.’
करेक्ट, म्हणाले सर,
मग चष्मा खाली करून, हळूच:
आभार की टोमणा?

तेवढ्यात लाईट गेली.
बसलिंगनं मोबाईलची बॅटरी लावली, फळ्यावर, माझ्यावर नाही.
थँक्स टू हेस्कॉम,
उत्तर राहून गेलं.