फटीचं माप

दार नको, म्हणाला नाउएल.
तीन बाय दोनची खोली, वर पत्रा,
आणि रस्त्याच्या अंगाला एक फट:
हात आत जाईल, डोकं जाणार नाही, एवढी.
त्याचाच हात धरून मी माप घेतलं.
लांब बोटं. अंगठ्यावर व्रण,
मासे साफ करताना सुरी लागल्याचा.
एकोणीस वर्षांचा होता. आई पारानाच्या काठावर
सुरुबी मासे विकायची.
माझी मजुरी त्याने नोटा न मोजता दिली.

काय विकणार, मी विचारलं नाही.
रोसारिओच्या आमच्या टोकाला गवंड्याने
ओळंब्यापलीकडे बघायचं नसतं.

पहिला पोरगा मिल्टन.
सकाळी पत्रा उचलून त्याला आत सोडायचे,
विहिरीत घागर सोडावी तसा,
आणि रात्री वर ओढायचे.
आत एक बादली, एक रेडिओ.
फटीतून नोट आत, पुडी बाहेर.
बोटं बोटांना ओळखायची. चेहरे कुणी पाहिले?

दोन वर्षांत अशा अकरा खोल्या बांधल्या मी.
माझ्या घरावर स्लॅब पडला तो त्यातलाच.

नाउएल शाळेतल्या पोरांना बूट वाटायचा.
शवपेट्यांचे पैसे द्यायचा,
त्यातल्या काही भरल्याही त्यानेच.
दर शुक्रवारी चौकीचा साहेब यायचा,
गाडीतून न उतरता
काच चार बोटं खाली करायचा.
तेवढी पुरायची.

मग नदीकाठी घर. कुंपणाची भिंत माझ्याकडे.
उंच कर, म्हणाला.
आठवड्याने आला: अजून उंच.
एउलालिया, त्याची आई,
पहाटे पाण्याचा रंग बघून दिवस ठरवणारी बाई,
म्हणाली, नदी दिसेना झाली रे.
मोठा टीव्ही आणतो, तो म्हणाला.
आणलाही.

जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात,
मोटरसायकलवरून दोघे आले.
हात जातो तिथून पिस्तुलाची नळीही जाते,
हे माप घेताना मला सुचलं नव्हतं.
सुचलं होतं.
मिल्टनला पळायला दार नव्हतं.

त्याची आई घण घेऊन आली. मग शेजारीण.
मग अख्खी गल्ली, बुटांसकट.
भिंत पडायला दुपार लागली.
सिमेंटमध्ये मी कधी चोरी केली नाही.

त्यानंतर नाउएलचं सगळं उतरतच गेलं.
मावसभावाने पत्ता दिला,
पोलिसांनी झोपेतून उचलला, एका पायात मोजा.
तुरुंगातून फोनवर हुकूम द्यायचा,
मग फोन वाजत राहू लागले.
खोल्या दुसऱ्यांच्या झाल्या. पोरं तर रोजच नवी.
तिसऱ्या हिवाळ्यात गेला.
कागदावर न्यूमोनिया लिहिलाय.

आमच्याकडे गरिबाला जमिनीत जागा मिळत नाही.
दफनभूमीच्या भिंतीत कोनाडा असतो,
पेटी सरकवायची, विटांनी तोंड बंद करायचं.
एउलालियाने मलाच बोलावलं.
मी विटा लावत गेलो. शेवटी बघतो तर
मध्ये जागा राहिलेली, बारा बोटं रुंद.
हाताला वळण पडलेलं असतं.

तिने बाही वर केली,
कोपरापर्यंत हात आत घातला,
बराच वेळ तसाच ठेवला.
मासळी बाजारातून थेट आली होती,
हाताला खवले चिकटलेले.

आता लाव, म्हणाली.

मजुरी नको म्हणालो तर ऐकेना.
ओल्या नोटा तिने मोजल्या,
पुन्हा एकदा मोजल्या,
आणि माझ्या हातात ठेवल्या.