मस्टर हलवताना

लायसनचं बिल बघून बोल्लीशेठ म्हणाले,
एवढ्यात दोन माग येतात.
मग ठरलं, सगळ्या मशिनी दुसऱ्या घरी न्यायच्या,
फुकटच्या.

मशिनी म्हणजे काय, फायली.
आठ होत्या. सात निमूट गेल्या,
बिऱ्हाड हलताना शहाणी पोरं टेम्पोत बसतात तशा.
आठवी मस्टरची.
कोडमकाकांनी बसवलेली, दोन हजार नऊ साली.
काका आता मुलाकडे, भिवंडीत.
पासवर्ड फोन करून विचारला.
म्हणाले, बायकोचं नाव, पुढं माग नंबर.
कोणता माग?
ते हसले नुसतेच. मग म्हणाले, चाळीस.

अक्कलकोट रोड, मे महिना,
रात्री अकरालाही भिंतीला हात लावून बघवत नव्हता.
सर्व्हर रूम म्हणजे सुताच्या गोदामात घातलेलं पार्टिशन,
एसीच्या जाळीवर कापसाची साय.
बारा टक्के. तेरा टक्के.
कडक भाकरी मोडली, चुरा कीबोर्डमध्ये गेला.

दीड वाजता चालू केली.
निळा पडदा.
तिला तिची डिस्क त्याच जुन्या खुंटीला हवी होती.
मी खोटं सांगितलं,
इथंही तीच खुंटी आहे, बघ.
उठली.

नेटवर्कचा पत्ता घातला तर म्हणाली,
हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलाय,
ते कार्ड आता या मशीनमध्ये नाही.

माझे आजोबा, कुणी गाव विचारलं की
शेवटपर्यंत सिरसिल्ला सांगायचे.
तिथलं घर विकून तेव्हा चाळीस वर्षं झालेली.

लपलेलं कार्ड शोधलं, काढून टाकलं.
त्याला चार क्लिक लागले.

साडेपाचला सगळं नीट होतं,
फक्त घड्याळ नाही.
नव्या घरात ग्रीनिचची वेळ चालते,
तिनं तीच आपली धरली.
बाहेर टपरीवर पहिला चहा उकळत होता
आणि तिच्याकडे रात्रीचे बारा.
चारशे बारा नावं आत,
तिच्या हिशेबानं सगळ्यांची
साडेपाच तास झोप अजून शिल्लक.

दुरुस्तीला एक ओळ पुरते.
मी खाली जाऊन चहा पिऊन आलो.

सहा वीसला ओळ टाकली.
सहा पन्नासला पहिला अंगठा,
कांडीखात्यातल्या राजमणी येलदी, नंबर एकशे एकोणीस.
दिवा हिरवा झाला.
त्यांनी पदराला अंगठा पुसला, आत गेल्या.